चेपॉकची धाववही

चेन्नईत नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या मराठी माणसाला चेपॉकचे मैदान फारसे परके वाटत नाही. १९५२ च्या फेब्रुवारीत भारताने कसोटी क्रिकेटमधील आपला पहिला विजय मिळविला तो येथेच, इंग्लंडविरुद्ध. आणि त्या संघाचे कर्णधार होते सांगलीत जन्मलेले विजय हजारे. विनू मंकड यांनी पहिल्या डावात ५५ धावांत ८ बळी घेतले, ही हकीकत आम्ही वडिलांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की, तो सामना आम्ही स्वतःच पाहिला असावा असा कधीकधी भास होतो. परंतु याच शहराने १९७६ च्या नोव्हेंबरात महिलांचाही कसोटी सामना पाहिला होता, ही गोष्ट २०२४ सालापर्यंत आमच्या गावीही नव्हती. क्रिकेटची आकडेवारी मुखोद्गत असल्याचा आम्हांला थोडासा अभिमान होता. तो गळून पडला, म्हणूनच हा लेखप्रपंच.

चेपॉकवर पुरुषांची पहिली कसोटी झाली १९३४ मध्ये. महिलांची जगातील पहिली कसोटी त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्रिस्बेन येथे इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांच्यात झाली. भारतात मात्र हा दिवस उजाडायला आणखी चार दशके जावी लागली. १९७३ मध्ये महेंद्रकुमार शर्मा यांच्या खटपटीने लखनौ येथे महिला क्रिकेटची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. संघ किती? अवघे तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तिहींपैकी दोन आपल्या मुलखातले, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. पुढील स्पर्धेत वाराणसीला आठ संघ आले, त्यानंतर कोलकात्याला चौदा. विद्यापीठांच्या संघांची स्पर्धाही सुरू झाली. खेळाडूंत शाळा-महाविद्यालयांतील मुलींचा भरणा मोठा. वळकटी पाठीवर घ्यायची, अनारक्षित डब्यात जागा धरायची आणि मुक्कामी मिळेल त्या सामायिक खोलीत जमिनीवर अंग टाकायचे, असा तो काळ त्या खेळाडूंनीच पुढे वर्णिला आहे. त्यांना घराबाहेर पाठविणाऱ्या आईबापांचेही आम्हांला कौतुक वाटते. लोकापवादाचे भय त्या वेळी आजच्याहून बरेच अधिक होते.

१९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील संघ आला. पुणे, दिल्ली व कोलकाता येथील तीन सामन्यांत भारताचे नेतृत्व तिघींकडे आळीपाळीने होते : उज्ज्वला निकम, सुधा शाह आणि श्रीरूपा बोस. यांतील सुधा शाह या तमिळनाडूच्या. पुढे त्या एकवीस कसोट्या खेळल्या.

अधिकृत कसोटीचा मान १९७६ चा. वेस्ट इंडिजविरुद्ध बंगळूर, मद्रास, दिल्ली, पाटणा, लखनौ व जम्मू असे सहा सामने झाले. कर्णधार शांता रंगस्वामी यांचा जन्म याच मद्रास शहरातला. लेगस्पिन टाकणारी पुण्याची शुभांगी कुलकर्णी त्या वेळी जेमतेम सतरा वर्षांची होती. मद्रासचा सामना अनिर्णित राहिला. पाटण्यात मात्र १९ नोव्हेंबरला भारतीय महिलांनी पहिला विजय मिळविला. जम्मूचा सामना हरल्याने मालिका १-१ अशी बरोबरीत सुटली. येथे एक हिशेब मांडण्याचा मोह आवरत नाही. पुरुषांचा पहिला विजय आला पंचविसाव्या कसोटीत, वीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर. महिलांचा आला चौथ्या कसोटीत, तीन आठवड्यांच्या आत! तरीही वडिलांनी आम्हांला सांगितली ती पहिली गोष्ट. दुसरी कोणीच सांगितली नाही.

यानंतरची सारी मजल येथे सांगत बसत नाही. परंतु एका जोडीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. ती जोडी चेन्नईच्या तिरुष कामिनी आणि मुंबईच्या पूनम राऊत यांची. २०१३ च्या विश्वचषकात वेस्ट इंडिजविरुद्ध मुंबईत या दोघींनी १७५ धावांची सलामी दिली. कामिनीचे शतक हे विश्वचषकातील भारतीय महिलेचे पहिले शतक ठरले. पुढच्याच वर्षी म्हैसूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत दोघींनी दुसऱ्या गड्यासाठी २७५ धावांची भागी केली : कामिनी १९२, राऊत १३०. भारत डावाने जिंकला. आणि पुढे? भारतीय महिलांचा पुढचा कसोटी सामना झाला तो २०२१ च्या जूनमध्ये, म्हणजे साडेसहा वर्षांहूनही अधिक काळाने. मिताली राजच्या २१४ नंतरची भारतीय महिलांमधील त्या वेळची सर्वोच्च खेळी जिने केली, तिला कसोटीत पुन्हा फलंदाजी करायला मिळाली नाही. म्हैसूरची ती १९२ हीच तिची अखेरची कसोटी खेळी. पुरुषांच्या क्रिकेटात असे घडते तर वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने भरले असते.

महिलांची कसोटी चेन्नईला परतली ती अठ्ठेचाळीस वर्षांनी, २८ जून २०२४ रोजी, चेपॉकवर. त्या शुक्रवारी एका दिवसात भारताने ४ बाद ५२५ धावा कुटल्या. शेफाली वर्माच्या २०५, स्मृती मानधनाच्या १४९, सलामीला २९२; महिला कसोटीत याहून मोठी सलामी तोवर झाली नव्हती. आणि आम्ही? आम्ही कार्यालयात फायलींवर शेरे मारीत होतो. नैमित्तिक रजा शिल्लक असतानाही ती न घेण्याची बुद्धी आम्हांला का झाली, हे परमेश्वर जाणे. शनिवारी मात्र कन्येसह मैदान गाठले. भारताने ६ बाद ६०३ वर डाव घोषित केला, ही महिला कसोटीतील त्या दिवसापर्यंतची सर्वोच्च धावसंख्या. मग स्नेह राणाने चेंडू हाती घेतला. डाव संपला तेव्हा तिच्या नावावर ७७ धावांत ८ बळी होते. सामना दहा गड्यांनी खिशात पडला. हजारे सांगलीचे आणि मानधनाही सांगलीत वाढलेली. हा योगायोग आम्ही मोठ्या उत्साहाने कन्येला सांगू लागलो. तिने शांतपणे विचारले, "बाबा, हजारे कोण?" आम्हांला १९७६ ठाऊक नव्हते, तिला १९५२, फिटंफाट झाली.

स्मरणिकेच्या निमित्ताने मंडळाचे जुने अहवाल चाळताना अशीच एक नोंद सापडली. १९८० नंतरच्या एका वर्षी प्रजासत्ताक दिनी मंडळाने क्रिकेटचे सामने भरविले होते. पुरुषांच्या सामन्याचे धावपत्रक अतिरिक्त धावांसह सुवाच्य अक्षरांत उतरविले आहे. त्याखाली एकच ओळ आहे : मुलींचाही सामना झाला. कोणी किती धावा केल्या, कोण जिंकले, काही नाही. त्या सामन्यात खेळलेल्या भगिनी आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या असतील आणि कदाचित हा अंक त्यांच्या हाती पडेल. त्यांना धावसंख्या आठवत असल्यास कृपया कार्यवाहांकडे कळवावी. त्या ओळीखाली अर्धे पान कोरे आहे.