प्रकाशकिरण आणि मानेचें दुखणें

मान आणि खांदे यांच्या स्नायूंचें दुखणें फार जुनें. त्यावर शेक, तेलमर्दन व लेप हे उपाय घरोघर चालत आले. परंतु उष्णतेवांचून केवळ प्रकाशानें वेदना शमवावी, ही कल्पना अलीकडची. आणि तिचा उगम एका अनपेक्षित घटनेंत आहे.

आधुनिक वैद्यकांत प्रकाशाची प्रतिष्ठा वाढविली ती डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनीं. त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाचा उपचार केल्याबद्दल त्यांस १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें १९६० च्या मे महिन्यांत अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर किरण मिळविला. एकाच रंगाचा व एकाच दिशेनें जाणारा हा किरण शरीरास अपायकारक तर नाहीं ना, हा प्रश्न साहजिकच पुढें आला.

बुडापेस्ट येथील वैद्य एन्द्रे मेस्टर यांनीं १९६७ च्या सुमारास त्याची परीक्षा केली. उंदरांचे केस काढून त्यांतील कांहींवर त्यांनीं मंद लेसर किरण सोडला. त्यामुळें कर्करोग उद्भवतो कीं काय, हें त्यांस पाहावयाचें होतें. कर्करोग झाला नाहीं. उलट किरण पडलेल्या उंदरांचे केस इतरांपेक्षां लवकर उगवले! अपाय शोधतांना उपाय हातीं लागला. मेस्टर यांनीं मग न भरणाऱ्या जखमांवर हा किरण वापरला, आणि पुढें स्नायूंच्या दुखण्यावरही त्याचे प्रयोग होऊं लागले. पेशींत ऊर्जा निर्माण करणाऱ्या सूक्ष्म घटकांत हा प्रकाश शोषला जातो, असें शास्त्रज्ञांचें अनुमान आहे.

तथापि दुखणें पुष्कळदां आपोआपही ओसरतें, आणि नव्या यंत्राच्या नुसत्या दर्शनानेंही रोग्यास धीर येतो. म्हणून कांहींना खरा किरण व कांहींना केवळ त्याचा देखावा, अशी तुलना आवश्यक ठरली. २००९ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत अशा १६ चांचण्यांचा व ८२० रोग्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. मानेच्या जुनाट दुखण्यांत उपचार संपल्यावरही २२ आठवड्यांपर्यंत आराम टिकल्याचें त्यांत आढळलें. मात्र किरणाचा प्रकार व मात्रा बदलली कीं गुणही बदलतो. सर्वच चांचण्यांचे निष्कर्ष सारखे नाहींत.

म्हणून हा किरण म्हणजे रामबाण नव्हे. उपचाराच्या वेळीं डोळ्यांचें रक्षण केलेंच पाहिजे. आणि मानेबरोबर हातास मुंग्या येत असतील अथवा बळ कमी होत असेल, तर आधीं डॉक्टरांकडून कारण शोधून घ्यावें. मेस्टर यांनीं भयाची परीक्षा केली. आशेचीही तितक्याच कसोशीनें व्हावयास हवी.