मूत्रपिंडविकार परिचर्या

मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन आजारात रुग्णाची शुश्रूषा करणारी, डायलिसिसवर देखरेख ठेवणारी आणि उपचारांच्या निर्णयांत रुग्णाचा कैवार घेणारी परिचर्येची शाखा. मूत्रपिंडाचे कार्य तीन महिन्यांहून अधिक काळ मंदावलेले राहिले, किंवा लघवीतून प्रथिने जाण्यासारखी लक्षणे तेवढा काळ टिकली, तर तो दीर्घकालीन विकार समजतात. मधुमेह व उच्च रक्तदाब ही त्याची प्रमुख कारणे होत. रक्त गाळण्याचा वेग मिनिटाला १५ मिलिलिटरपेक्षा कमी झाला की पाचवा, म्हणजे शेवटचा टप्पा येतो. तेव्हा प्रत्यारोपण, डायलिसिस किंवा डायलिसिस न करता त्रास कमी करणारे उपचार, यांतून निवड करावी लागते.

इतिहास : नेदरलँड्समधील कांपेन येथे विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंड तयार केले आणि १९४५ मध्ये त्यामुळे प्रथमच एका रुग्णाचा जीव वाचला. १९६० मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी वापरली, तेव्हा डायलिसिस पुन्हा पुन्हा करणे शक्य झाले. पण यंत्रे मोजकी होती. कोणाला डायलिसिस द्यायचे हे तेथील नागरिकांची समिती ठरवी आणि ठरवताना उत्पन्न, कुटुंब, चर्चमधील सहभाग अशा गोष्टी पाही. त्यावर पुढे कडाडून टीका झाली. १९७२ च्या कायद्याने अमेरिकेत बहुतेक रुग्णांच्या डायलिसिसचा खर्च सरकारने उचलला. १९६९ मध्ये तेथे या शाखेतील परिचारिका व तंत्रज्ञांची संघटना स्थापन झाली होती.

दैनंदिन काम : रक्ताचे डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास चालते. भारतात खर्चामुळे अनेक जण दोनदाच करतात. सुरुवातीला वजन व रक्तदाब पाहणे, फिस्टुलावर बोटे ठेवून थरथर जाणवते का ते तपासणे, सुया घालणे आणि सत्र संपेपर्यंत लक्ष ठेवणे हे परिचारिकेचे काम. भारतात त्यातील बराच भाग डायलिसिस तंत्रज्ञही करतात. फिस्टुला ही शस्त्रक्रियेने रोहिणी व नीला जोडून केलेली वाट. तीच रुग्णाची जीवनवाहिनी. म्हणून त्या हाताचा रक्तदाब मोजू नये, त्यातून रक्त घेऊ नये, त्यात घट्ट बांगड्या घालू नयेत. थरथर थांबल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

रुग्णाचा कैवार : डॉक्टर फेरीपुरते भेटतात, परिचारिका मात्र तेच चेहरे वर्षानुवर्षे पाहते. ‘सिस्टर, आज पोटऱ्यांत गोळे आले’ ही तक्रार आधी तिच्या कानावर पडते. रुग्णाचे ‘ड्राय वेट’, म्हणजे अंगातले जादा पाणी निघून गेल्यावरचे वजन, खऱ्यापेक्षा कमी धरले असेल तर शरीरातून वाजवीपेक्षा जास्त पाणी काढले जाते. गोळे येतात, रक्तदाब कोसळतो. भूक सुधारून अंगावर मांस चढलेल्या माणसाचे जुनेच वजन कायम धरले, तरी हेच घडते. ही बाब नोंदवून वजनाचा फेरविचार करायला लावणे हे कैवाराचे अगदी साधे आणि तितकेच मोलाचे रूप आहे.

जिवंत दात्याचाही कैवार घ्यावा लागतो. भारतात मूत्रपिंड देणाऱ्या नातेवाइकांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. पत्नी किंवा आई स्वेच्छेने पुढे आली आहे की घरच्या दबावाने, हे तिच्याशी एकटीशी बोलल्याशिवाय कळत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने दात्याची संमती अनिवार्य केली, तर २०११ च्या दुरुस्तीने प्रत्यारोपण केंद्रांत समन्वयक नेमणे बंधनकारक केले.

व्यक्तिकेंद्री परिचर्या : एकच आहारतक्ता सर्वांच्या हाती दिल्याने काम भागत नाही. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकले तर पोटॅशियम घटते; शहाळे टाळावे लागते, तर स्टार फ्रूट पूर्ण वर्ज्य. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियमच असते. हे रुग्णाइतकेच घरात स्वयंपाक करणाऱ्यालाही समजावले पाहिजे. ज्या हाताने माणूस काम करतो तो सोडून दुसऱ्या हातात फिस्टुला करणे, किंवा केंद्र दूर असलेल्या खेड्यातील रुग्णाला घरी करता येणाऱ्या पोटाच्या डायलिसिसची माहिती देणे, हाही याच विचाराचा भाग. ‘साँग’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने रुग्ण, कुटुंबीय व तज्ज्ञांना विचारून रक्ताच्या डायलिसिसवरील संशोधनासाठी ठरवलेल्या मुख्य निकषांत मृत्यू, हृदयविकार व रक्तवाहिनीतील जोडणी यांच्यासोबत थकवा आहे. थकवा कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही. तो विचारावाच लागतो. अतिवृद्ध व अनेक व्याधींनी जर्जर व्यक्तीने डायलिसिस नको म्हटले, तर वेदना, धाप व खाज यांवरचे उपचार चालू ठेवून तिच्या निर्णयाचा मान राखणे हीसुद्धा परिचर्याच.

सद्यःस्थिती : २०१६ मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांना मोफत डायलिसिस मिळते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. तरी केंद्रापर्यंतचा प्रवास आणि बुडालेली रोजी यांचा भार कुटुंबावरच पडतो. योजनेची कागदपत्रे कोठे द्यायची हे सांगणारीही अनेकदा परिचारिकाच असते. एका परिचारिकेकडे मोजकेच रुग्ण असणे, तिला या शाखेचे स्वतंत्र प्रशिक्षण मिळणे आणि उपचारांच्या चर्चेत तिच्या नोंदींना स्थान असणे, या तीन गोष्टींशिवाय व्यक्तिकेंद्री परिचर्या कागदावरच राहते. यंत्रांवर होणाऱ्या खर्चाइतकेच महत्त्व या तिन्हींना दिले पाहिजे.