गळाची मासेमारी : घोड नदी व डिंभे जलाशय
आंबेगाव तालुक्यात (जि. पुणे) चालणारी गोड्या पाण्यातील हौशी मासेमारी. अवसरी खुर्द, मंचर या भागाला जवळचे मोठे पाणी म्हणजे घोड नदीवरील डिंभे धरणाचा जलाशय, हुतात्मा बाबू गेनू सागर. रोहू, कटला, मृगळ, मरळ, चिलापी हे ओळखीचे मासे. कटला वरच्या थरात चरतो, मृगळ तळाशी. म्हणून गळ किती खोल सोडायचा हे आधी ठरवावे लागते. रोहूला कणकेची गोळी चालते, मरळीला जिवंत बेडूक. रोहू गोळी आधी चाचपून पाहतो. दोरी नुसती थरथरताच झटका दिला तर मासा सुटतो. ती सरळ चालू लागेपर्यंत दम धरावा. ही अक्कल काठावर शेजारी बसलेल्याकडूनच मिळते. पाण्याची खरी नस मात्र धरणात घरे-शेते बुडालेल्या आदिवासींना ठाऊक आहे. ‘शाश्वत’ संस्थेच्या मदतीने त्यांनी येथे सहकारी मासेमारी उभी केली. संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. हौशी माणसाने त्यांना विचारून, त्यांच्या जाळ्यांपासून दूर बसावे. पावसाळ्यात मरळ पिलांचा तांबूस थवा राखते. तेव्हा ती धरली, की थवाही मोठ्या माशांच्या तोंडी जातो.