तांबी आणि भूल

मिरज म्हटले की आपल्याला तंबोरे आठवतात आणि दवाखाने. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये येथे मिशनचे रुग्णालय उभारले आणि दूरदूरचे रोगी शस्त्रक्रियेसाठी मिरजेस येऊ लागले. पोट उघडूनही माणूस वाचतो हा विश्वास रुजला, त्यात भुलीचा वाटा मोठा होता. भूल हळूहळू सुटसुटीतही होत गेली. 1884 मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी केवळ डोळा बधिर करून दाखवला. 1943 मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले. दात काढताना हिरडीत टोचतात ते हेच.

1965 मध्ये आपल्या सरकारने कुटुंबनियोजनासाठी ‘लूप’ आणला, तेव्हा लिग्नोकेन 22 वर्षांचे झाले होते. तरीही लूप सहसा भुलीविनाच बसवला जाई. पहिल्या दोन वर्षांत सुमारे 17 लाख लूप बसले. मग आकडा घसरला. रक्तस्राव आणि कळा यांच्या तक्रारी गावोगाव पोचल्या होत्या. अफवा पसरल्या हे खरे, पण साऱ्याच तक्रारी अफवा नव्हत्या. लूपच्या जागी पुढे तांबी आली. बसवण्याची रीत फारशी बदलली नाही.

या वेदनेचे कारण काय? गर्भाशयमुख चिमट्याने धरतात, सळईने गर्भाशयाची खोली मोजतात, मग नळीतून तांबी आत सोडतात. मुखाकडील आणि गर्भाशयाच्या वरच्या भागातील वेदना वेगवेगळ्या मज्जातंतूंनी मज्जारज्जूत पोचतात. म्हणून मुखाभोवती लिग्नोकेन टोचल्याने वेदना कमी होते, पण पूर्ण थांबेलच असे नाही. आधी घेतलेली आयब्युप्रोफेनची गोळी बसवतानाची कळ फारशी कमी करत नाही. नंतरच्या कळांना तिचा उपयोग होतो. प्रत्येकीचा अनुभवही सारखा नसतो. कुणाला चिमटा बसल्यासारखे वाटते, तर कुणाला घेरी येते. मूल न झालेल्या स्त्रियांना त्रास अधिक होतो.

बसवणाऱ्याचा अंदाज स्त्रीने सांगितलेल्या वेदनेपेक्षा कमी असतो, असे अभ्यासांत आढळले आहे. 2024 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रत्येक स्त्रीला वेदनेची पूर्वकल्पना द्यावी, उपायांविषयी तिच्याशी बोलावे, असे सुचवले.

औषध होते, सुई होती, ज्ञानही होते. ‘दोन मिनिटांचे तर काम’ या समजुतीने ते वापरायचे राहिले. वेदना मोजण्याचे यंत्र अजून आपल्याकडे नाही. जिला दुखते तिला विचारणे, हेच आजही त्याचे मोजमाप आहे.