दान, ऋण आणि श्रम : उच्चशिक्षणाच्या खर्चाची वाटचाल

पुणे-सोलापूर मार्गावरील कासुर्डीसारख्या गावातून मॅट्रिक झालेला मुलगा पुढे शिकतो म्हणाला, की पूर्वी घरात पहिली विवंचना फीची आणि दुसरी, बहुधा त्याहून मोठी, पुण्यातील राहण्या-जेवणाची असे. हा भार हलका करण्याचे तीन मार्ग आपल्या पूर्वसूरींनी घालून दिले.

पहिला मार्ग दानाचा. आहारदान व ज्ञानदान यांची थोरवी जैन परंपरेने सदैव मानली. वसतिगृहात या दोन्हींचा संगम झाला. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या उत्तेजनाने १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली, त्यांत जैन बोर्डिंगही होते. खेड्यातील मुलाला शहरात हक्काचे छप्पर मिळाले.

दुसरा मार्ग ऋणाचा. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये परदेशी उच्चशिक्षणासाठी निधी स्थापिला. ही मदत देणगी नसून कर्ज होते. शिकून कमावत्या झालेल्याने रक्कम फेडावी आणि तीतून पुढचा विद्यार्थी शिकावा, ही त्यामागील दृष्टी. घेणाऱ्याचा स्वाभिमान राखला जाई आणि निधीही आटत नसे.

तिसरा मार्ग श्रमाचा. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकले. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेथे ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व महाविद्यालयीन शिक्षणास लागू झाले. आज पुणे विद्यापीठातील ही योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. जैन बोर्डिंगच्या छायेत शिकलेल्या मुलाने ते छप्पर सर्व समाजांसाठी विस्तारले, हे विशेष होय.

या तिन्हींच्या जोडीला पुढे शासन व बँका आल्या. २००१ मध्ये बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. २७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजास केंद्राने अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले आणि त्या वर्गाच्या शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज करण्याची वाट खुली झाली. मात्र शिष्यवृत्ती परत करावी लागत नाही, कर्जावर व्याज चढते. म्हणून उत्पन्नाचे व इतर दाखले वेळेवर काढून आधी शिष्यवृत्ती व फी-सवलत पाहावी, मग वसतिगृह व कमवा-शिका, आणि उरलेल्या गरजेपुरतेच कर्ज काढावे, हा क्रम हितावह.

मदत घेऊन शिकलेला कमावता झाल्यावर पुढच्या एकाचे शिक्षण उचलील, तर कासुर्डीसारख्या गावातील कोणतेही हुशार मूल केवळ पैशाअभावी मागे राहणार नाही. पूर्वजांचे ऋण फेडण्याची याहून उचित रीत कोणती?