परवलीच्या शब्दाचा पूर्वेतिहास

घरच्या संगणकावर आपण नित्य जो परवलीचा शब्द घालतो, त्याचे मूळ १९६१ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फर्नांडो कॉर्बाटो यांनी सिद्ध केलेल्या यंत्रप्रणालीत सापडते. एकाच अजस्र यंत्रात अनेकांचे दप्तर असल्याने ज्याचे त्यास स्वतंत्र कुलूप देणे तेथे अपरिहार्य झाले. परंतु साऱ्या किल्ल्यांची यादी एकाच फाइलीत, उघड्या अक्षरांत ठेवलेली! यंत्रावरील नेमून दिलेला वेळ अपुरा पडू लागलेल्या ॲलन शेर या संशोधकाने १९६२ मध्ये ती फाइल छापण्याची मागणी पंचकार्डावर नोंदवली, आणि यादी बिनदिक्कत त्याच्या हाती आली. १९६६ मध्ये तर एका प्रमादाने तीच यादी दैनिक सूचनेच्या जागी सर्वांपुढे उमटली. मूळ शब्दाऐवजी त्याचे उलट न फिरवता येणारे गणिती रूपच दप्तरी ठेवावे, हा केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांचा विचार मला या इतिहासातील सर्वांत मोलाचा वाटतो.