'सायबॉर्ग'च्या शक्तीला वेसण

यंत्रमानव आणि 'सायबॉर्ग' या दोन संज्ञांची गल्लत नेहमी होते. यंत्रमानव हा संपूर्णपणे यंत्र असतो. सायबॉर्ग हा मूळचा माणूसच. त्याच्या शरीरात यंत्राचा काही भाग कायमचा सामावलेला असतो. मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या संशोधकांनी १९६० मध्ये ही संज्ञा मांडली, तेव्हा त्यांच्यापुढे अंतराळवीराचा प्रश्न होता. पृथ्वीचे वातावरण अवकाशात वाहून नेण्यापेक्षा माणसाच्या शरीरातच बदल केला तर? पुढे कादंबऱ्या आणि चित्रपटांनी ही कल्पना उचलली. विज्ञानकाल्पनिक भूमिकाखेळांत तर सायबॉर्ग हे खेळाडूंचे लाडके पात्र ठरले आणि सूत्रधाराची कायमची डोकेदुखीही.

या खेळांत चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र घेतो, 'गेम मास्टर' म्हणजे सूत्रधार प्रसंग सांगतो आणि कृती साधली की फसली, याचा निकाल फासे देतात. मंडईनंतर रात्रभर नाटके पाहणाऱ्या झाडीपट्टीला पात्रात शिरणे नवे नाही. फरक इतकाच की येथे लिहिलेली संहिता नसते आणि प्रेक्षकही नसतो. नेमकी येथेच अडचण उद्भवते. एकाने पोलादी हात, अंधारात पाहणारे डोळे आणि गोळीला दाद न देणारी त्वचा असे सारे पदरात पाडून घेतले, की उरलेल्या खेळाडूंना प्रेक्षक होण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

त्यावर खेळ रचणाऱ्यांनी निरनिराळे तोडगे काढले. माइक पाँडस्मिथ यांच्या 'सायबरपंक' (१९८८) या खेळात प्रत्येक यांत्रिक अवयवासाठी 'मानवते'चे काही गुण खर्ची पडतात. दहा गुण गेले की सहवेदना एकाने घटते. ती शून्यावर आली की पात्र वेडेपिसे होते आणि खेळाडूच्या हातून काढून सूत्रधाराच्या ताब्यात जाते. पुढच्याच वर्षी आलेल्या 'शॅडोरन'मध्ये प्रत्येकाला सहा गुणांचे 'सत्त्व' मिळते. यंत्र बसवावे तसे ते झिजते, त्यासोबत जादूगाराची जादूही ओसरते आणि सत्त्व संपले की मृत्यू. १९८६ च्या 'गर्प्स'ची रीत हिशेबी आहे. प्रत्येक शक्तीला गुणांत किंमत असते; तिला एखादी उणीव जोडून घेतली तर ती स्वस्तात मिळते. (याच मालिकेतील सायबरपंक-पुस्तकाचे हस्तलिखित अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने १ मार्च १९९० रोजी प्रकाशकाच्या कचेरीतून जप्त केले होते. पुढे न्यायालयाचा निकाल प्रकाशकाच्या बाजूने लागला.)

यांतील 'मानवता' घटण्याचा नियम खेळ म्हणून चतुर असला, तरी विचारांती खटकतो. १९८१ च्या अपघातानंतर पाय गमावलेल्या सुधा चंद्रन 'जयपूर फूट' बसवून पुन्हा रंगमंचावर नाचल्या. त्यांची माणुसकी कोणत्या हिशेबाने कमी झाली? या आक्षेपात तथ्य होते. २०२० च्या 'सायबरपंक रेड' या आवृत्तीत उपचार म्हणून बसवलेला अवयव आणि शक्ती वाढवण्यासाठी बसवलेला अवयव यांत भेद केला गेला.

हाच भेद क्रीडाक्षेत्रालाही करावा लागला. ऑस्कर पिस्टोरियस या धावपटूवर जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने जानेवारी २००८ मध्ये घातलेली बंदी क्रीडा लवादाने त्याच वर्षी मे महिन्यात उठवली आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो कृत्रिम पायांनी धावला. उलट २०२० मध्ये ब्लेक लीपर या अमेरिकी धावपटूच्या पात्यांमुळे त्याला अवाजवी लाभ मिळतो, असे लवादाने ठरवले. पॅरालिंपिक स्पर्धांत दोन्ही पाय गमावलेल्या धावपटूची पात्यांसह उंची किती असावी, हे त्याच्या शरीराच्या इतर मोजमापांवरून सूत्राने काढतात. खेळाच्या टेबलावरही असेच मोजमाप हवे. 'फार शक्तिमान नको' एवढे म्हणून भागत नाही.

मर्यादा गुणांच्या तक्त्यातूनच यावी, असेही नाही. ती भूगोलातून आली तर अधिक पटते. समजा, कथानक गोंदिया जिल्ह्यात घडते आहे. नायकाचा पोलादी पाय शहरातील रस्त्यावर वाऱ्याच्या वेगाने धावेल. पण आषाढातल्या रोवणीच्या वेळी बांधीत उतरला की गुडघ्यापर्यंत रुतेल आणि त्याला बाहेर काढायला दोघे-तिघे लागतील. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात धातूचा हात तापेल, म्हणून दुपारी बारा ते चार त्याची ताकद निम्मी धरावी. विजेचे काय? तिरोड्यात ३,३०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प उभा असला तरी नागझिऱ्याच्या जंगलात त्याची वीज नायकाच्या उपयोगाची नाही. तेथे दोन रात्री काढायच्या तर डोळे चालू ठेवायचे की हात, हे खेळाडूलाच ठरवावे लागेल.

वास्तवातील उपकरणांवरूनही धडे घेता येतात. पेसमेकरची बॅटरी काही वर्षांनी संपते आणि बदलण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. कॉक्लियर इम्प्लांटचे बाहेरील यंत्र उतरवले की त्याद्वारे ऐकू येणे थांबते. हिरण्यकशिपूच्या वरातही फट होतीच. मात्र ती त्याला ठाऊक नव्हती. खेळात ती पहिल्या दिवशीच सर्वांना ठाऊक असावी. रंगलेल्या प्रसंगात सूत्रधाराने अचानक नवे बंधन लादले, तर खेळाडूला ती शिक्षा वाटते आणि भांडण अटळ होते. बदल करायचाच असेल तर तो दोन बैठकांच्या मध्ये, सर्वांच्या संमतीने करावा.

दुरुस्तीचा नियमही आधीच लिहून ठेवावा. देवरीच्या घाटात पाय निकामी झाला तर सुटा भाग गावात मिळणार नाही. गोंदियाहून रेल्वेने नागपूर गाठावे लागेल, खेळातले दोन दिवस जातील आणि तोवर त्या वजनदार नायकाला उचलून नेण्याचे काम उरलेल्या पात्रांकडे राहील.